ओढ्यातल्या अळ्या आणि नळाचं पाणी

मेफ्लाय या किड्याला मराठीत धड नावसुद्धा नाही. तीन शेपट्यांची चपटी अळी, वाहत्या पाण्यात दगडाखाली चिकटून वाढते. पंख फुटले की एखाद्या दिवसात खलास. कुंभारी गावाच्या पुढच्या ओढ्यात मला सापडलेली अळी कुठल्याच माहीत असलेल्या जातीशी जुळेना. पण नुसत्या अळीवर जात ठरत नाही. अंडी बघावी लागतात आणि पंख फुटलेला नर तर हवाच.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. या किड्यापायी माझ्या सगळ्या सुट्ट्या त्या ओढ्यात गेल्या. एका रविवारी गेले तर ओढ्यात जेसीबी! खोलीकरण चाललेलं, मशीनला हार, पुढ्यात फुटलेला नारळ. "म्याडम, आता पाणी लई साठंल की!" एक जण खुशीत म्हणाला. त्यांच्या विहिरींना पाणी हवंच होतं. दगडगोटे मात्र काठावर उन्हात वाळत पडले होते. एकेक उलटून पाहिला, काहीही जिवंत नव्हतं. तिथंच बसून रडले.

उरल्या त्या घरी ट्रेमध्ये वाढवत असलेल्या अळ्या. ओढ्याचंच पाणी, हवेचा छोटा पंप. काहींच्या पाठीवरचे पंखांचे कोंब काळे पडले होते, म्हणजे आज-उद्या उडणार. त्यात एखादा नर निघाला असता तर सुटले असते.

आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो. आला की आई घरातलं सगळं शिळं पाणी ओतून, भांडी घासून ताजं भरते. कॉलेजातून आले तर ट्रे लखलखीत.

"शिळ्या पाण्यात कशा गं राहतील त्या? चहाच्या गाळणीनं अलगद काढल्या. एक बी सांडू दिली न्हाय."

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं सगळ्या मेल्या होत्या. एवढा संताप आला! ओरडायला तोंड उघडलं, पण आई इतकी कौतुकानं बघत होती की तसाच ट्रे उचलून टेबलावर नेला.

उडण्याआधीच माद्यांच्या पोटात अंडी तयार असतात. मेलेल्यांतली एक भरलेली मादी कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. अंड्यांच्या दोन्ही टोकांना गाठाळ टोप्या, मी कुठंच न पाहिलेल्या. जात नवीच असणार. आणि आता नर कुठून आणू?

आईनं वाकून भिंगातून पाहिलं.

"अगं बाई, केवढी अंडी! मग होतील की आता लई पिल्लं."

"व्हय," मी म्हणाले.