घोडीला मारलेली हाक

“ही घोडीशी बोलती, मानसाशी न्हाई,” काका कुंपणापलीकडे कोणाला तरी सांगत होते. दोघं हसले. मी आत घोडीकडे पाठ करून बसले होते. तशीच बसून राहिले.

दहावीच्या परीक्षेनंतर मी वसमतजवळ काकांकडे राहायला आले होते. त्यांच्या घोड्या वरातीत नाचायच्या. ही नवी घोडी मात्र कोणाला अंगाला हात लावू देत नव्हती. मी रोज सकाळी तिच्याजवळ जाऊन बसायची. तिने पाहिलं की नजर खाली घालायची. ती बिचकली की उठून लांब जायची. अकराव्या दिवशी तिने माझी मान हुंगली. महिन्याभरात, मी जिभेने टकटक केलं की ती येऊन तोंड माझ्या हातात द्यायला लागली.

काकांबरोबर हसणारा माणूस वारंगा फाट्याहून आला होता. घोड्यांना नाच शिकवणं हे त्याचं काम. त्याने आत दोन खांब पुरले. दोर घेऊन जवळ जाताच घोडीने लाथ झाडली.

“तू बोलाव की तिला,” काका मला म्हणाले. “इंग्रजी शाळेत एवढं तं शिकवलं असंल.”

कशासाठी, हे मी विचारलं नाही. टकटक केलं. ती आली. तोंड माझ्या हातात असतानाच त्यांनी दोन्हीकडून दोर आवळून तिला खांबांना बांधलं. हलगी सुरू झाली. प्रत्येक ठोक्याला तिच्या पुढच्या पायाच्या नळीवर वेत बसायचा. पाय उचलला की वेत थांबायचा. तो माणूस जराही चिडलेला नव्हता. मधेच त्याने चहा मागितला. मीच तो नेऊन दिला.

“आठ दिसांत बराबर नाचंल,” बशीत चहा ओतत तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी घोडी कोपऱ्यात उभी होती. नळ्या सुजल्या होत्या. काका दोर घेऊन माझ्या मागे थांबले.

“मार हाक. काल कशी लेकरासारखी आली.”

मी टकटक केलं नाही. तरी मला पाहून तिने कान टवकारले आणि लंगडत माझ्याकडे यायला लागली. चार पावलं उरली, तेव्हा मी वाकून मातीचं ढेकूळ उचललं आणि तिच्या छातीवर मारलं.

“जा,” मी म्हणाले. “माझ्याकडे येऊ नकोस.”