हॉटेलात हाक कशी मारायची

पिंपरीला औषधांचा नवा कारखाना सुरू झाला आणि ह्यांना तिथं नोकरी लागली, तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. चाकणजवळच्या गावातून येऊन आम्ही दोघं एका खोलीत राहू लागलो. पावसाळा संपल्यावर सासूबाई आमचा संसार बघायला आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्या परत निघायच्या आदल्या दिवशी हे कामावरून आले आणि दारातूनच म्हणाले, "उद्या आयेला गाडीत बसवायच्या आधी हॉटेलात न्यायचं. तूपण चल."

मी हातातलं पीठ तसंच घेऊन उभी राहिले. हॉटेल मी बाहेरून पाहिलं होतं. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, आत संगमरवरी टेबलं, आणि एका बाजूला घरच्या बायका-मंडळींसाठी पडदा लावलेली खोली. त्या पडद्याआड बसून शेजारीणबाई मसाला डोसा खाऊन आल्या होत्या. त्यांनी सांगितल्यापासून मला स्वप्नात डोसे दिसत होते. आणि खरा डोसा मी कधी पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे तो दर वेळी वेगळाच दिसायचा.

अडचण एकच होती. ह्यांनीही हॉटेलात बसून कधी खाल्लं नव्हतं. फाट्यावर उभ्यानं चहा, एवढाच काय तो अनुभव. वेटरला बोलवायचं कसं, हे त्यांनी कारखान्यात विचारून घेतलं होतं. एकानं सांगितलं होतं, टाळी वाजव. दुसऱ्यानं, चमचा ग्लासावर आपट. तिसऱ्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं की "ए पोऱ्या" असं खच्चून ओरडल्याशिवाय कुणी ढुंकून बघत नाही.

आत्याबाई मारुतीच्या देवळात गेल्या तशी आम्ही तालीम केली. खांद्यावर फडकं टाकून मी वेटर झाले आणि ह्यांच्याकडे पाठ करून चुलीपाशी उभी राहिले. ह्यांनी फुलपात्रावर पळी वाजवली.

"आरतीला बोलावताय का?" मी म्हणाले.

मग त्यांनी "ए पोऱ्या!" अशी आरोळी ठोकली आणि स्वतःच दचकले. "कोण पाहिजे हो?" पलीकडच्या खोलीतून शेजाऱ्यांचा आवाज आला. आम्ही दोघं तोंडावर हात दाबून हसत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी लग्नातलं हिरवं लुगडं नेसले. आत्याबाईंचं गाठोडं घेऊन हे पुढं, आम्ही मागं. हॉटेलात शिरताना आत्याबाई उंबऱ्यातच थांबल्या. "कुणी बसा म्हटलं न्हाई, आन् बसायचं?" ह्यांनी त्यांना कसंबसं खोलीत नेलं. मी पडदा नीट ओढून घेतला. समोर टेबल, टेबलावर पाण्याचे तीन ग्लास आणि एक चमचा.

बाहेर गडबड चालली होती. कुणी शुक शुक करत होतं, कुणी टेबल बडवत होतं, कुणी "ए पोऱ्या, पाणी आण" म्हणून ओरडत होतं. ह्यांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि मागं सरकले.

"अगं, मिशा पिकल्यात त्या वेटरच्या. आपल्या थोरल्या चुलत्यांच्या वयाचे हायत. पोऱ्या कसं म्हणू?"

"मग टाळी वाजवा."

ह्यांनी टाळी वाजवली, पण इतकी हळू, की आत्याबाई म्हणाल्या, "डास हायत व्हय रं हितं?"

मग चमचा झाला. तो ग्लासावर असा अलगद टेकला, की आमच्या तिघांपलीकडे कुणाला ऐकू गेलं नसेल. मग ह्यांनी हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. एक हात दुखला तसा दुसरा वर केला. आत्याबाईंना काही राहवेना.

"गप बस की जरा. जेवणाऱ्यानं वाढणाऱ्याला हाका मारायच्या नसत्यात. येतील की वाढत वाढत."

"आये, ही काय पंगत न्हाई."

"मग काय हाय?"

ह्यांनी पुन्हा हात वर केला. इकडे चाकणच्या गाडीची वेळ जवळ येत होती, आणि बाहेरून भाजलेल्या पिठाचा असा काही वास येत होता की मला धीर धरवेना. मी उठले, पडदा बाजूला केला. ते वेटर हातावर बशा रचून समोरून चालले होते. त्यांना काय म्हणावं? दादा म्हणावं तर वयानं मोठे. बाबा म्हणावं तर ओळख ना पाळख. विचार करायला वेळच नव्हता. तोंडातून निघालं ते निघालं.

"अहो!"

माझा आवाज शेतातला. ओढ्याच्या या काठावरून त्या काठाला पोचणारा. माझ्या मागून हे म्हणाले, "काय गं?" ते वेटर वळले. गल्ल्यावरच्या मालकांनी मान वर केली. आणि टेबलाटेबलांवरचे लग्न झालेले सगळे पुरुष वळून माझ्याकडे बघायला लागले! एक गृहस्थ तर हातात घास घेऊन अर्धे उठलेसुद्धा. मग त्यांचं त्यांनाच हसू फुटलं.

"मला वाटलं, आमचीच आली शोधत!"

सारं हॉटेल खो खो हसायला लागलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. पण तेवढ्यात माझंच हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून मी आत येऊन बसले, आणि पाठोपाठ ते वेटर हसत हसत आत आले.

"काय व्हया, बाय?"

आम्ही काही बोलायच्या आत आत्याबाईंनी बाकावर सरकून जागा केली. "या, बसा पाव्हणं. कवाधरनं उभं हायसा. जेवलात का न्हाई?"

ते गोंधळले. मग मिशीत हसले. "मालक बसूक देवचो नाय, आये."

ते कोकणातले, मालवणाकडचे. त्यांनी आये म्हटल्याबरोबर आत्याबाईंनी गाव विचारलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं, आई अजून आहे हे ऐकून मान डोलावली. हे मात्र मघापासूनचं कोडं धरून बसले होते.

"तुम्हाला हाक कशी मारायची हो? मला काही जमेना. मघापासून हात वर करून बसलोय."

त्या वेटरांनी पडद्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. "पडद्याआडसून हात माका कसो दिसतलो?" आणि मग समजुतीनं म्हणाले, "पडदो जरा उघडो ठेवा. नजर मिळाली की मान हलवा, मी येतंय. नायतर काका म्हणा. ओरडूक नको."

ह्यांनी तीन मसाला डोसे सांगितले. काका गेले, आणि त्यांच्या मागोमाग आत्याबाईही उठल्या.

"आये, कुठं निघालीस?"

"बघून येते काय शिजतंय."

"आजी, आत जायचं नाही!" मालक गल्ल्यावरून ओरडले. पण तोवर त्या भटारखान्यात पोचल्या होत्या. आतून आवाज आला, "आगं बया!" थोड्या वेळानं त्या परत आल्या त्या घामाघूम, आणि डोळे लहान मुलीसारखे मोठे झालेले. "पोरी, तवा केवढा म्हनशील! आख्ख्या गावाच्या भाकरी एकदम होतील. आन् बाप्या मानूस भाजतोय, वाटीनं पीठ फिरवतोय!"

मग डोसे आले. बशीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले, सोनेरी, वाफाळलेले. स्वप्नातला एकही तसा नव्हता. मी टोक मोडलं तर कुरकुर वाजलं. आत पिवळी बटाट्याची भाजी, तिच्यात कढीपत्ता. तिखट-आंबट सांबारात तो तुकडा बुडवून तोंडात घातला आणि मी डोळेच मिटले. आत्याबाई आधी नुसत्या चटणीवर खूश झाल्या, मग डोसा संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"काका!" ह्यांनी एकदम मोकळ्या गळ्यानं हाक मारली.

काका लगबगीनं आले. "काय व्हया?"

"काही नाही," हे लाजून म्हणाले. "जमतंय का ते बघितलं."

काका इतके हसले की खांद्यावरचं फडकं खाली पडलं. आता बोलावलंच आहे तर म्हणून आम्ही आणखी एक डोसा मागवला आणि तिघांनी मिळून खाल्ला. निघताना आत्याबाईंनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि गावच्या जत्रेचं आवतण दिलं.

टांगा करून आम्ही नाशिक फाट्यावर पोचलो, तेव्हा चाकणची गाडी सुटायच्या बेतात होती. ह्यांनी आत्याबाईंना अक्षरशः उचलून आत चढवलं, मी खिडकीतून गाठोडं दिलं. आम्हाला वाटलं, आता त्या नेहमीसारखं जपून राहा, वेळेवर जेवा म्हणतील. पण त्या शेजारच्या अनोळखी बाईकडे वळल्या होत्या. गाडी हलली, धुरळा उडाला, तरी खिडकीतून दिसत होतं, आत्याबाई दोन्ही हात जमतील तेवढे लांब पसरून त्या बाईला तवा दाखवत होत्या.