लांब गाडीतला जावई

शोरूममधल्या मुलीनं गाडीचं पुढचं दार उघडून धरलं आणि म्हणाली, "बसा ना सर." मी तिच्याकडे बघून हसलो, तिला वळसा घातला, मागचं दार स्वतःच उघडलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसलो. दार ओढून घेतलं. गादीवर कुणी उशी ठेवावी, तेवढाच आवाज झाला आणि हायवेवरचे सगळे ट्रक एकदम मुके झाले. मी मान मागे टेकवली आणि डोळे मिटले.

काचेवर टकटक झाली. बायको होती. काच खाली कशी करतात ते मला सापडेना, तेव्हा तिनंच दार उघडलं.

"अहो, गाडी चालवून बघायला आलोय ना आपण? मग पुढं कोण बसणार, मी?"

ती मुलगी अजून पुढचं दार धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण ते कुठंतरी जवळच असावं.

चूक माझी होती, पण तिचं मूळ जुनं आहे. मी लहान असताना आमच्या पनवेलात भाताच्या गिरणीच्या मालकांकडे एक लांब गाडी होती. पुढं बोनेट, मागं डिकी, मध्ये घर असल्यासारखी जागा. मालक नेहमी मागं बसायचे. संध्याकाळी ती गाडी वडाळे तळ्याच्या काठानं इतकी सावकाश जायची की पाण्यात तीच गाडी उलटी चालताना दिसायची. मला तर ती पाण्यातलीच जास्त खरी वाटायची. खालच्या गाडीतले खालचे मालक आकाशात डोकं ठेवून कुठंतरी निघालेले. तेव्हापासून मला गाडी चालवण्याचं स्वप्न कधी पडलं नाही. मला कुणीतरी नेतंय, असंच पडलं.

पुढं आयुष्यात मी नेणाऱ्यांच्याच बाजूला राहिलो. उरणच्या रस्त्याला एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात नोकरी करतो. लोकांचा माल बोटीवरून उतरतो, आमच्याकडे थांबतो आणि पुढं जातो. दुपारी डबा खाऊन झाला की यार्डावर ऊन थरथरायला लागतं, कंटेनरचे रंग एकमेकांत विरघळतात आणि खाडीकडून खारट वारा येतो. त्या वेळी मी बसल्या जागी बऱ्याच ठिकाणी जाऊन येतो. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. उलट यंदा मला मॅनेजर केलं. दारावर पाटी लागली, आणि पाटी लागली त्याच दिवशी हाताखालचे म्हणायला लागले, "सर, आता ती छोटी गाडी शोभत नाही हां तुम्हाला."

आमची छोटी गाडी गुणाची आहे. मुलीचं कॉलेज, मुलाची आजारपणं, गौरीगणपतीचं सामान, सगळं तिनं ओढलं. पण ती शोभते, असं तिच्याबद्दल कुणी कधी म्हणालं नव्हतं.

आता शोभण्याचंही आमच्याकडे एक गणित आहे. पनवेल शहरात माणसाचा मोठेपणा गाडीच्या लांबीवर जोखतात. डॉक्टर, वकील, जुने व्यापारी, सगळे डिकीवाल्या सेडानमधून उतरतात आणि उतरताना थोडं वाकतात, त्यामुळे नम्रही दिसतात. शहर सोडून डोंगराकडे निघालात की माप बदलतं. तिथं उंची बघतात. माझी सासुरवाडी नेऱ्याची. मेव्हण्यानं रस्त्याकडेची थोडी जमीन विकली, खडी-सिमेंटचा धंदा काढला आणि इतकी उंच गाडी घेतली की तो आत बसला की रस्त्यावरच्या माणसाशी माडावरनं बोलल्यासारखा बोलतो. माणूस प्रेमळ आहे. पण कुठलंही कार्य असलं की मी अंगणात शिरताच त्याचा आवाज वरून यायचा, "दाजी, तुमची बारकी हाय, ती गोठ्याच्या मागं लावा. निगायला बरा परंल." मी लावायचो. परत निघताना वायपरवर एखादी कोंबडी बसलेली असायची.

सासूबाई त्यावर कधी काही बोलल्या नाहीत. त्या फक्त माझ्या गाडीकडे बघायच्या, मग त्यांच्या लेकीकडे बघायच्या आणि आत चहा टाकायला जायच्या. ते बघणं इतक्या वर्षांत मला पुरतं पाठ झालं होतं. एकदा तरी ते बदलावं, एवढीच माझी इच्छा होती. आता ही इच्छा म्हणजे गाडी घेण्याचं कारण होऊ शकत नाही, हे मला कळतं. म्हणून मी सगळ्यांना मायलेज सांगत होतो.

"चालवायचीच आहे तर नेऱ्यापर्यंत नेऊ," बायको शोरूमच्या मुलीला म्हणाली. "आईचे गुडघे धरलेत. भावाच्या गाडीत तिला दोघांनी उचलून चढवावं लागतं. हिच्यात बसता येतं का, बघू."

मुलगी तयार झाली. ती इथल्याच, उलव्याची. गळ्यात ओळखपत्र, अंगात कोट आणि डोळ्यांत महिनाअखेर. ती माझ्या शेजारी बसली, बायको मागं, आणि मी त्या मोतिया पांढऱ्या गाडीचं बटण दाबलं. गाडी सुरू झाली की नाही ते कळेना, म्हणून परत दाबलं. बंद झाली.

"सुरूच होती सर."

"हो, मी बघत होतो."

गाढी नदीचा पूल कधी गेला ते समजलं नाही. भादव्याचे शेवटचे दिवस होते, भात पोटरीला आलेलं. बाहेर डंपर होते, धूळ होती, कुणीतरी हॉर्नवर हात ठेवूनच चाललं होतं, पण आत काही पोचत नव्हतं. माणसांची तोंडं हलत होती आणि शब्द नव्हते. बगळे उडाले, तेही कापसासारखे. समोर प्रबळगडाचा डोंगर ढगात अर्धा बुडालेला, आणि आम्ही त्याच्याकडे जात नसून तोच सावकाश आमच्याकडे येतोय, असं वाटत होतं. मला वाटलं, मोठेपणा म्हणजे हेच असावं, जगाचा आवाज कमी करायला मिळणं. हा विचार मी बायकोला सांगितला.

"खड्डा," ती म्हणाली.

खड्डाही मऊ होता.

नेऱ्याच्या अंगणात गाडी शिरली तेव्हा सासूबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. गाडीकडे बघितलं, स्टिअरिंगवर बसलेल्या माझ्याकडे बघितलं, मग मागं बसलेल्या लेकीकडे बघितलं. आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला सांगायचं होतं ते सगळं मी विसरलो.

"आले गो बाय! गारी घेतली! आमाला सांगितला पन नाय!" त्यांनी आत हाक मारली, "अगो सूनबाय, ताम्हन आन! हलद-कुंकू आन, नारल आन, लिंबा आन!"

इथं एक सांगायला हवं. आमच्या या भागात नवी गाडी सासुरवाडीला आली की तिची पूजा सासूच करते, मग ती गावदेवीपुढं उभी करायची. जावई गाडी नुसती दाखवायला आणेल, पसंत करायला आणेल, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. अंगणात आली म्हणजे घेतली. हे मला ठाऊक होतं. बायकोला तर जन्मापासून ठाऊक होतं. पण त्या गारेगार गाडीत दोघांनाही आठवलं नाही.

"अहो, सांगा," बायको हळूच म्हणाली.

"तू सांग ना. तुझी आई."

"तुमची गाडी."

"माझी कुठंय?"

"अहो, तेच सांगा!"

तोवर शेजारच्या बायका जमल्या होत्या. कुणीतरी माझ्यासाठी हात असलेली खुर्ची आणली. या अंगणात मला खुर्ची! मेव्हणा त्याच्या गाडीतून खाली उतरला, म्हणजे खरोखर खाली उतरला, आणि या गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "दाजी, झकास हाय. पन लय खाली हाय. आमच्या बांधावरशी नेलीव तं पोट खरवरंल."

"गप रे," सासूबाई म्हणाल्या, "तुज्या गारीत बसाला शिरी लागते."

सगळं अंगण हसलं. मीही हसलो, आणि माझी सांगायची वेळ त्या हसण्यात वाहून गेली. त्यांनी बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला बोट बुडवलं तेव्हा शोरूमची मुलगी माझ्या कानाशी आली. "सर, डेमो कार आहे. रंग बसेल सर." पण सासूबाईंनी तिच्याही कपाळाला कुंकू लावलं. मग काय झालं कोण जाणे, तिनं चपला काढल्या, कोटाच्या बाह्या वर केल्या आणि लिंबं घेऊन एकेका चाकाखाली नीट ठेवायला लागली. "आमच्याकडे आधी पुढच्या चाकांना ठेवतात, आजी," ती म्हणाली. शेवटी तीही उलव्याचीच.

मला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. मी खुर्चीत बसलो होतो. उदबत्तीचा धूर माझ्याभोवती फिरत होता आणि त्यातून दिसणारी गाडी पाण्यात असल्यासारखी हलत होती. मला खरं सांगायचं होतं. पण ते थोड्या वेळानं सांगितलं तरी चालेल, असं वाटत होतं. स्वप्नात लघवीला लागल्यावरही माणूस थोडा वेळ झोपून राहतो, तसं.

मग सासूबाईंना गावदेवीला न्यायचं ठरलं. त्या दार धरून, एक हात लेकीच्या खांद्यावर ठेवून, कुणी न उचलता मागच्या सीटवर बसल्या. बायको त्यांच्या शेजारी, शोरूमची मुलगी पुढं माझ्या शेजारी. गाडी लिंबांवरून गेली. तोही आवाज आला नाही.

गाडी इतकी शांत होती की मागं हळू आवाजात बोललेला शब्दन् शब्द पुढं मला ऐकू येत होता. सासूबाईंना याची कल्पना नव्हती.

"बाय," त्या म्हणत होत्या, "खरा सांगू? इतकी वर्सा मना घोर होता. तुला तवरं लांब, त्या डब्यावानी खोल्यांमदी दिली. तू काय सांगत नायस. मी तुमची गारी बगायची आनि तुजा तोंड बगायची. काय कलायचा नाय. आज कलला. तू सुखान हायस. मना बरा वाटला."

मी आरशात बघितलं. बायको काचेबाहेर बघत होती.

म्हणजे इतकी वर्षं त्या माझी ऐपत मोजत नव्हत्या. मी त्या नजरेत मला शोधत होतो आणि तिथं मी नव्हतोच. तिथं त्यांची लेक होती.

देवळापुढच्या वडाखाली मी गाडी थांबवली. टोपी काढली. मागं वळून म्हणालो, "आई, ही गाडी आमची नाही. चालवून बघायला आणलीय. घ्यायचं अजून ठरलेलं नाही."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग शोरूमच्या मुलीकडे बघितलं. मुलीनं मान हलवली.

"मंग ही कोनाची?"

"शोरूमची, आजी."

त्यांनी सीटच्या मऊ कातड्यावरून हात फिरवला, मग तो हात उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला. रागावतील, असं मला वाटलं होतं. त्या लेकीकडे वळल्या आणि अगदी लहान मुलीसारख्या आवाजात म्हणाल्या, "मंग आता मना कसा कलंल?"

त्या उतरल्या, देवीपुढं गेल्या आणि बराच वेळ आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "देवीला सांगितला, गारी लोकांची हाय. ती बोलली, असूदे." आणि चालतच घरी निघाल्या. बायको त्यांच्याबरोबर चालत गेली. मी त्यांच्या मागून ती लांब पांढरी गाडी माणसाच्या चालीनं आणत होतो. दोघी पुढं, उन्हात, एकमेकींचा हात धरून. काहीतरी बोलत होत्या. काच बंद होती, मला ऐकू आलं नाही.

बोनेटवरचं कुंकू शोरूमात धुतलं तरी फिकट गुलाबी उरलं. मुलगी म्हणाली, "राहू दे सर, पुढच्या गिऱ्हाइकाला शुभच आहे." बुकिंगचं विचारल्यावर मी "नंतर सांगतो" म्हणालो.

घरी आल्यावर मी बराच वेळ गॅलरीत उभा होतो. मग स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला म्हणालो, "मला वाटतं, घेऊन टाकू गाडी. आईंच्या जिवाला बरं वाटेल."

तिनं ताटात गवार ओतली. "आईनं गाडीकडे बघून ठरवलं मी सुखात आहे म्हणून. तुम्ही आईचं तोंड बघून ठरवलंत गाडी घ्यायची म्हणून. मला इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणीही काही विचारलेलं नाही."

ते खरं होतं. मी स्टूल ओढलं. विचारायच्या आधी ते दोनदा मागंपुढं सरकवलं, मॅनेजर असूनही.

"मग, आहेस का सुखात?"

तिनं गवारीचं ताट माझ्यापुढं सरकवलं.

"शिरा नीट काढा," ती म्हणाली. "उत्तर मोठं आहे."