बाजाराच्या नकाशातली मावशी

सोमवारच्या बाजाराचा नकाशा मी केला, हे मी आता कुणाला आपणहून सांगत नाही. कोण कुठं बसतं ते गिऱ्हाइकाला मोबाईलवर दिसावं, म्हणून गावच्या ग्रामपंचायतीला तो हवा होता. गावात कोड लिहिणारी मी एकटीच, त्यामुळं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मी जरा शेफारलेही होते.

दोन सोमवार हिंडून मी एकेकाचा फोटो काढला. माझी आई तिथंच भाजी विकते. तिच्या शेजारी, तिच्याच ताडपत्रीवर, मावशी बसते. मावशी सख्खी नव्हे, पण सख्खीहून जवळची, आणि ठार बहिरी. गिऱ्हाइकानं काही विचारलं की उत्तर आई देते आणि मेथीची जुडी मावशी उचलून देते. मी शाळेत जायच्या आधीपासून दोघींचं असंच चाललंय.

कॅनव्हासवर, म्हणजे स्क्रीनवरच्या कोऱ्या चौकोनात, फोटो बसवणं म्हणजे दोन आकड्यांचा खेळ. डावीकडून किती आणि वरून किती. आकडा बदला की माणूस सरकलं. काही फोटो एकमेकांवर यायला लागले, तेव्हा मी कोडमध्ये एक ओळ टाकली: जागेवर आधीच कुणी असेल तर नंतरच्याला पुढच्या रिकाम्या चौकटीत न्यायचं. नकाशा कसा चापूनचोपून बसला. मी स्वतःचीच पाठ थोपटली आणि फाईल पाठवून दिली. एकदाही नीट पाहिली नाही, बावळट कुठली.

यादीत आईचं नाव वर, मावशीचं पार शेवटाकडं, आणि दोघींची जागा एकच. प्रोग्रामनं सांगितलं तेच केलं. मावशीला उचललं आणि मैदानाच्या टोकाला, एस्टी वळते तिथं नेऊन ठेवलं. ग्रामपंचायतीनं त्याच नकाशावरून मैदानात चुन्यानं चौकटी आखल्या, नंबर पडले, जागेच्या पावत्याही वाटून झाल्या.

मला कळलं ते आईकडून. "ती तिकडं एकलीच बसायलीय गं," ती म्हणाली. "गिऱ्हाईक इचारतंय अन् ही नुसती हासायलीय. माल तसाच वापस न्यायलीय."

आईनं तिला आपल्या चौकटीत घेऊन पाहिलं, तर एका नंबरावर एकच माणूस, असं पंचायतीच्या माणसानं सुनावलं. शेजारची चौकट मानवतहून येणाऱ्या बांगडीवाल्याला मिळाली होती. "मला नंबर दिलाय, मी कामून उठू?" तो म्हणाला. त्याचंही काही चुकत नव्हतं. मी ग्रामसेवकांपुढं गयावया केली, चूक माझी आहे म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "ताई, आता चुना मारून झालाय. एकीचं बदललं की सगळेच येतील."

घरी येऊन मी चिडून लॅपटॉप उघडला. मावशीचा फोटो आईशेजारी आणायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. हे ग्रामसेवकांना दाखवू, बघून तरी पाझर फुटेल, असं वाटलं.

पुढच्या सोमवारी त्यांची वाट बघत मी मावशीजवळ टेकले. तिनं मोबाईलमध्ये डोकावलं. आपला फोटो आईच्या फोटोशेजारी दिसताच तिचा चेहरा फुलला. 'अजून नाही' हे खुणेनं कसं सांगतात ते मला येत नव्हतं. मी नुसते हात हलवत राहिले. ती टोपली डोक्यावर घेऊन आईच्या दिशेनं चालायलाही लागली.

बांगडीवाला अजून आला नव्हता. मावशीनं त्याच्या चौकटीत मेथी मांडली. तेवढ्यात तो गाठोडं घेऊन आलाच. "ए बाई, ऊठ तिथून!" तो ओरडला. मावशी हसली आणि तिनं एक जुडी त्याच्यापुढं धरली.

आई भांडायला उठली. गर्दी जमली, ग्रामसेवक आले. त्यांनी चुन्यातला नंबर पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. "ताई, तुमीच उठवा त्यांना."

मी मावशीचा हात धरून तिला उठवायला लागले. तिनं माझ्याकडून मोबाईल घेतला आणि पावती दाखवावी तसा बांगडीवाल्यासमोर धरला. त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मला मोबाईल तिच्या हातातून काढून घ्यावा लागला.