खाली मी, वर ती

दसऱ्याच्या आधी एक दिवस मी चाकांवरच्या खोलीखाली जातो. यंदाही गेलो. जमिनीवर पोतं अंथरलं, पाठीवर सरकत आत शिरलो, कमानीवर हातोडीनं ठोकलं आणि सवयीनं ओरडलो, "ये डाव्या कोपऱ्यात!" वर कोणी नव्हतं. शेजारची बाई कपडे वाळत घालता घालता थांबली, एवढंच. मी तसाच पडून राहिलो. साठी उलटलेल्या माणसाला गाडीखाली रडू आलं तर एक सोय असते. लोकांना वाटतं, डोळ्यात गंज गेला.

आम्ही दोघं झाडीपट्टीच्या नाटकांतली माणसं. माझी बायको नटी होती आणि मी पडदे रंगवायचो, बांधायचो. दिवाळी झाली की होळीपर्यंत आज या गावी, उद्या त्या गावी. बाकीचे कलावंत जीपमध्ये कोंबून घेऊन एकमेकांच्या खांद्यावर माना टाकत जायचे. हिला बसून झोप येत नसे, आणि झोप झाली नाही की ती नाटकातल्या सासूला लाजवेल अशी वागायची. शेवटी मी भंगारातून ट्रॉलीचा सांगाडा आणला, त्यावर पत्र्याची खोली बांधली. आत एक बाज, दोन खिडक्या, आरसा आणि नाटकाच्या कपड्यांच्या लोखंडी पेट्या. ती खोली आमच्या जुन्या जीपच्या मागे जोडली, तेव्हा वडशाच्या बाजारात लोक पोट धरून हसले. नाकापेक्षा मोती जड म्हणाले. मी म्हणालो, हौसेला मोल नसतं, तुम्ही तुमची भाजी घ्या.

अडचण एकच होती. जीपमध्ये मी, मागे खोलीत ती, आणि मधे इंजिनचा आवाज. हाक पोचायची नाही. तिनं मग आपल्या जुन्या घुंगरांची एक पट्टी दोरीला बांधून माझ्या कानाशी टांगली आणि दोरीचं दुसरं टोक बाजेच्या पायाला बांधलं. दोरी ओढली की घुंगरं वाजायची आणि मी थांबायचो. पाणी पाहिजे म्हणून थांबवायची, पळस फुललेत ते बघा म्हणूनही थांबवायची. एकदा मी चिडून म्हणालो, थांबवायला काही कारण पाहिजे की नको?

"तुमाले थांबवाले कारण कायले पायजे?" ती म्हणाली.

मी उतरून पळस बघून आलो. पुढं कारण विचारणं सोडून दिलं.

खोलीची तपासणी दसऱ्याच्या आदल्या दिवशी व्हायची आणि ती दोघांनी करायची, हा आमच्या घरचा नियम होता. दोन्ही चाकांवर कमानी आहेत, म्हणजे लांब-आखूड पोलादी पाटे एकावर एक बसवलेले. हातोडी मारली की धड पाटा खणखणतो आणि चीर गेलेला बद्द वाजतो. बोल्ट आवळायचे, पाट्यांच्या टोकाला बसवलेल्या नळ्या, म्हणजे बुश, झिजलेत का बघायचं, ग्रीस भरायचं. हे सगळं मी खालून करायचो. पण उभ्या गाडीची खोड कळत नाही, गाडी हलली पाहिजे. म्हणून ती वर चालायची. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मधेच टाच आपटून. खाली मी नजर लावून पडलेला असायचो.

"उजवा पाय लंगडून राह्यला हिचा," ती वरून सांगायची. ती खोलीच्या चाकांना पाय म्हणायची.

मी म्हणायचो, काही लंगडत नाही, तुझ्याच वहाणेचा अंगठा तुटला असेल. आणि अर्ध्या तासानं उजव्या बाजूचा झिजलेला बुश माझ्या हातात यायचा. तिला ते दाखवण्याआधी मी तो धोतरात लपवून बघायचो, पण तिनं वरून फटीतून आधीच पाहिलेलं असायचं. मला खालून जे दिसत नसे ते तिच्या तळव्यांना कळायचं.

एका हंगामात नागभीडच्या पुढे पेट्यांच्या भारानं एक पाटा तुटला. आमच्याकडं पाटा तुटला की मिस्त्री नवा टाकतो आणि न विचारता एक जास्तीचाही टाकतो. धानाची ट्रॉली असो की लाकडाची, सगळ्यांना एकच शास्त्र. मजबूत झालं म्हणजे चांगलं झालं. आम्हीही दोन्ही बाजूंना एकेक वाढवून घेतला. पेट्या गच्च भरलेल्या असायच्या, त्यामुळं तो जास्तीचा पाटा कधी जाणवला नाही.

मग तिची पाठ दुखायला लागली. आधी शेकून पाहिलं, तेल लावून पाहिलं. नागपूरच्या डॉक्टरांनी शेवटी मला बाहेर बोलावून सांगितलं की हाडांत पसरलंय, आता दुखणं कमी ठेवणं एवढंच हातात आहे. ती आतून म्हणाली, "इथी सांगा, मलेच तर झालं आहे."

तिला माहेरी जायचं होतं. माहेर जिवतीच्या डोंगरात, धाकट्या भावाकडं. तिकडं कापूस फुटतो तेव्हाच आमचा हंगाम भरात असायचा, त्यामुळं लग्न झाल्यापासून तिनं माहेरचं पांढरं झालेलं रान पाहिलंच नव्हतं. आता तेवढंच एक मागणं होतं. मी अ‍ॅम्ब्युलन्सचं बोललो तर म्हणाली, "अ‍ॅम्ब्युलन्समधी बसून माहेरी कोणी जाते का? आपल्या खोलीत न्याल तर जाईन."

तेव्हा तिची अवस्था अशी होती की घरात बाज वीतभर सरकवली तरी ती ओठ चावायची. आमच्या नागभीडहून जिवती म्हणजे पूर्ण दिवसाचा रस्ता, आणि शेवटी घाट. मी खोलीखाली गेलो. एकूण एक पाटा ठोकून पाहिला, बुश नवे टाकले, ग्रीस भरलं, बोल्ट आवळले. वर चालायला ती नव्हती, ती घरात पडून होती. खोलीतल्या पेट्या मी सगळ्या उतरवल्या. जितकी हलकी तितकी आरामात जाईल, असा माझा हिशेब. बाजेवर दोन गाद्या टाकल्या. शेजाऱ्यांनी तिला चादरीसकट उचलून आत ठेवलं आणि सकाळी आम्ही निघालो.

मी बैलगाडीच्या चालीनं जीप हाकत होतो. तरी सिंदेवाही यायच्या आधीच घुंगरं वाजली. मी थांबून मागे पळालो, दार उघडलं. ती पांढरीफटक पडली होती आणि दोन्ही हातांनी बाजेची कड धरून होती.

"मी नाई वाजवलं," ती म्हणाली. "खोलीच वाजवून राह्यली. उडून राह्यली हे."

पुन्हा निघालो. पुन्हा घुंगरं. मी पुन्हा थांबलो. मला काही कळेना. मी खाली वाकून पाहिलं, सगळं जागच्या जागी होतं. पाटे धड, बोल्ट घट्ट. मी रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसलो. परत फिरायचं म्हटलं तरी तेवढाच रस्ता पुन्हा तिच्या पाठीतून जाणार होता.

ती आतून म्हणाली, "अवो, पेट्या कुठी आहेत?"

"घरी. तुले जागा पायजे म्हणून काढल्या."

"म्हणूनच. हिले भाराची सवय आहे. रिकामी आहे म्हणून आदळून राह्यली."

अख्खं आयुष्य मी त्या कमानींखाली पाठ घासली आणि बाजेवर पडलेल्या बाईला आधी कळलं. भाराच्या पाट्यावर भार नसला की तो वाकत नाही, प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर पाठवतो. जास्तीचे पाटे काढायचे तर जॅक पाहिजे, मिस्त्री पाहिजे, आणि ती अशी भर रस्त्यात. मी म्हणालो, आता भार कुठून आणू?

"धानाचे दिवस आहेत आणि भार कुठून आणू म्हणते हा माणूस," ती म्हणाली. इतक्या दुखण्यातही तिला मला हसायला सवड होती.

पुढच्याच खळ्यावर धानाची मळणी चालली होती. खळ्यावरच्या माणसांनी तिची नाटकं पाहिलेली होती. त्यांनी एकही प्रश्न न विचारता धानाचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, उचलले आणि बाजेच्या दोन्ही बाजूंना, मोजून सारखे, रचून दिले. कमानी वाकल्या. मी जीप सुरू केली, आणि खोली डुलायला लागली. मूल गाव मागे पडलं, चंद्रपूर, राजुरा मागे पडलं. घुंगरं गप्प. एवढी गप्प की मला भीती वाटली आणि मीच थांबून मागे गेलो. ती कट्ट्याला गाल लावून झोपली होती.

घाट चढताना जागी झाली. म्हणाली, "बरं झालं. आमच्या डोंगरात धान नाई होत. रिकाम्या हातानं नाई चालली मी."

भावानं तिच्यासाठी घरातली बाज कापसाच्या रानाच्या कडेला ठेवली. पुढचे थोडे दिवस ती पांढरं रान बघत तिथंच असायची. वेचणाऱ्या बाया येता-जाता तिच्या उशाशी बोंडं ठेवायच्या. एका दुपारी गेली, हातात कापूस होता. तेरवीला तिच्याच धानाचा भात शिजला. सगळे जेवले. मलाही वाढला. मी खाल्ला, कारण तिनं आणलेला होता.

निघताना भाऊ म्हणाला, "भाऊजी, खोली रिकामी आहे, आदळत जाईल. दगड भरून देऊ का थोडे?"

मी म्हणालो, "राहू दे. आता आत कोणाले लागणार आहे?"

घाटाच्या पहिल्याच वळणावर चाक खड्ड्यात गेलं, खोली उडाली आणि माझ्या कानाशी घुंगरं वाजली. मला माहीत होतं. पाटे कडक आहेत, भार नाही, दोरीला हिसका बसला, सगळं माहीत होतं. तरी मी जीप कडेला घेतली, खाली उतरलो, मागे गेलो, दार उघडलं आणि विचारलं, "लागलं का गं?"