नववीच्या वर्गाचं जहाज

भूगोलाच्या बाईंचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर असायचा. मुलं पोटभर जेवून आलेली, वर पंख्याची घरघर आणि फळ्यावर अक्षांश-रेखांश. एकेक मान कलायला लागायची. नववीने त्यांचं नाव ‘अंगाईबाई’ ठेवलं होतं. बाईंनी ते घरी हसत हसत सांगितलं खरं, पण मनाला लागलं होतं.

बाईंचा धाकटा दीर मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळायचा. सासूबाईंचा सगळा जीव त्याच्यात. थोरल्या मुलाने त्यांना मोबाइलवर एक नकाशा लावून दिला होता. जगभरची जहाजं त्यावर ठिपक्यांसारखी सरकायची. एका सकाळी भाजी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, “त्याचं जहाज शून्याच्या रेघेवर आलंय बघ. आता खाली उतरेल.”

बाई डबा भरता भरता थांबल्या. अक्षांश म्हणजे काय, हे सासूबाईंना कुणी शिकवलं नव्हतं. पोरगा कुठे पोचला, एवढंच त्यांना बघायचं होतं.

त्या दिवशी बाईंनी तोच नकाशा वर्गाच्या भिंतीवर मोठा करून दाखवला.

“बाई, ही जहाजं आत्ता चालली आहेत?” मागच्या बाकावरून प्रश्न आला.

“आत्ता. यातल्या एकावर आमचे भाऊजी आहेत. रेखांश मी देते. अक्षांश जवळपास शून्य. शोधा.”

वर्ग पुढे झुकला. पहिली सापडली ती तेलवाहू बोट, दुसरी मासेमारीची. तिसऱ्या खेपेला नेमकं जहाज मिळालं आणि ते आपलंच असल्यासारखी मुलं बाकं वाजवू लागली. शेजारच्या वर्गातून हेडसर आले.

“बाई, धडा पुरा होईल ना?”

“होतोय, सर. बसा की थोडा वेळ.”

हेडसर बसले, आणि असाच वाऱ्याचा नकाशाही कुठे मिळतो का, ते विचारूनच उठले.

पुढे रोज तास सुरू व्हायच्या आत मुलं जहाज शोधून ठेवायची. तिथे किती वाजले असतील, यावर वाद घालायची. मग एक दिवस ठिपका गायब झाला. सगळी मुलं बाईंकडे बघू लागली.

“बुडलं नाही रे,” बाई म्हणाल्या. “किनाऱ्यापासून लांब गेलं की खूण पोचत नाही. वेग माहीत आहे, दिशा माहीत आहे. आता तुम्हीच सांगा, कुठे असेल.”

एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी पट्टी घेऊन पुढे आली. तिने हिशेब मांडला आणि भिंतीवरच्या कागदी नकाशावर रोज एक टाचणी पुढे सरकू लागली. ठिपका परत दिसला तेव्हा तो टाचणीपासून चांगलाच लांब होता. मुलीचा चेहरा पडला.

जहाज बंदराला लागलं तसा बाईंनी वर्गातून व्हिडिओ कॉल जोडला. सासूबाई ठेवणीतली साडी नेसून पहिल्या बाकावर बसल्या होत्या. मुलीने सरळ विचारलं, “काका, तुम्ही वाट का बदललीत?”

दिराला हसू आलं. “पुढे वादळ होतं. कप्तानाने वळसा घेतला. पण तुला कळलं कसं?”

“माझी टाचणी चुकली.”

“टाचणी नाही चुकली गं. तुला वादळाचं कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.”

मुलगी खुदकन हसली. दुसऱ्या दिवसापासून वर्ग वाऱ्याचा नकाशाही उघडू लागला. पण त्याआधी, कॉल चालू असतानाच, सासूबाईंनी मोबाइल आपल्याकडे ओढून घेतला होता.

“गाल बसलेत तुझे. जेवतोस की नाही वेळेवर?”

“आई, पूर्ण वर्ग ऐकतोय.”

“ऐकू दे की. त्यांनाही तेच सांगायचंय मला.”

वर्ग खो-खो हसला. बाईंना हसता हसता खाली बसावं लागलं. तास संपल्याची घंटा झाली, पण दाराकडे कुणी गेलं नाही. मुलांनी दिराला गराडा घातला, म्हणजे त्या एवढ्याशा पडद्याला, आणि इंजिनरूम दाखवा म्हणून हट्ट धरला.