ड्युटी बदलताना कुणी बोललं नाही

आबांना, माझ्या वडिलांना, लकवा मारला तेव्हा त्यांना आम्ही कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात ठेवलं होतं. तिथं ड्युटी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला घेऊन खाटेखाटेपाशी जायची आणि पेशंटची हकिकत अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी सांगायची. कुणाला जुलाब, कुणाची लघवी तुंबलेली, सगळं चव्हाट्यावर. ताकाला जाऊन भांडं लपवायची आमच्याकडं पद्धत नाही. तरी मला आधी त्याची किळस यायची.

पण त्या आरडाओरड्यावरच नातेवाइकांचीही ड्युटी बदलायची. रात्री थांबलेला भाऊ पहाटेच बिद्रीला कामावर जायचा. आई उचगावहून, माझ्या घरून, सकाळी यायची आणि पदर सावरून खाटेच्या पायथ्याशी ऐकत उभी राहायची.

"ह्या आजोबांना पातळच द्या. बसवून द्या मावशी, झोपवून न्हाय," सिस्टर ओरडायची.

"व्हय बाई, बसवूनच देतो की," आई म्हणायची.

मग ॲप आलं. ड्युटी बदलताना आता सगळं मोबाईलवरच लिहायचं आणि वाचायचं. "आता निरोप हरवणार नाही," असं डॉक्टर आम्हाला कौतुकानं सांगत होते. वॉर्डात शांतता झाली. काय द्यायचं, काय नाही ते लिहून खाटांना अडकवलेल्या पाट्याही निघाल्या, कारण त्यांची गरज उरली नव्हती म्हणे.

एका संध्याकाळी आबांना गिळताना ठसका लागायला लागला. डॉक्टरांनी तपासलं. तोंडातून काहीही द्यायचं नाही, उद्या नाकातून नळी घालायची, असं ठरवून त्यांनी ॲपमध्ये लिहिलं. राऊंडच्या वेळी नातेवाइकांना बाहेर काढतात, म्हणून भाऊ व्हरांड्यात बसला होता. त्याला कुणी काही सांगितलं नाही.

सकाळी आई आणि मी पोचलो. दोघी सिस्टर आबांच्या पायथ्याशी आल्या. दोघींनी आपापल्या मोबाईलवर अंगठा फिरवला आणि पुढच्या खाटेकडं गेल्या. आई कान देऊन उभीच होती.

"आज कायच न्हाय बोलल्या. म्हंजे हाय तसंच हाय," ती मला म्हणाली. तिला बरं वाटलं होतं.

मी औषधं आणायला खाली गेले. तिनं आबांना उशी लावून नीट बसवलं आणि किटलीतलं म्हशीचं कोमट दूध चमच्यानं पाजलं. मी वर आले तेव्हा आबा निळे पडले होते आणि आई त्यांची पाठ चोळत होती. दूध फुप्फुसात गेलं होतं. आबांनी दुपार काही काढली नाही.

डॉक्टरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं आणि मोबाईल पुढं धरला. "हे बघा, मी लिहिलंय. रात्रीच्या सिस्टरनं वाचलंय, सकाळच्या सिस्टरनं वाचलंय. आमचा निरोप कुठंच चुकलेला नाही." मग ते आईकडं वळले. "मावशी, दूध द्यायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी न्हाय," आई म्हणाली.

"मग?"

त्या 'मग'बद्दल मी त्या माणसाला मरेपर्यंत माफ करणार नाही. "देऊ नका म्हणून तरी कुणी सांगितलं होतं?" मी ओरडले. नातेवाइकांना कळवायची सोय त्या ॲपात नाही, असं ते शांतपणे म्हणाले. पुढं पाट्या परत लागल्याचं ऐकलं. वरातीमागून घोडं.

आबांच्या सुतकात भेटायला पावणे यायचे. चहा घेऊन झाला की हळूच विचारायचे, "कसं झालं वो?" भाऊ आणि मी काहीतरी सांगून विषय बदलायचो. आई मात्र उठून उभी राहायची, पदर सावरायची आणि त्या जुन्या सिस्टरांसारखी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायची, "तोंडातनं कायबी द्यायचं न्हवतं. मी दूध दिलं. मी मारलं ह्यास्नी."

मी तिला गप्प करायला गेले, तर तिनं माझा हात झटकला.

"बोलू दे की मला. कुणीतरी मोठ्यांदा सांगाय पायजे."